संगणकाची तक्रार नीट वाचा



संगणकशास्त्राकडे वळलेल्या अनेक मुलामुलींचा उत्साह एकाच ठिकाणी मावळतो. लिनक्सवर सी भाषेतील दहा ओळींचा प्रोग्राम लिहावा, तो चालवावयास जावे आणि पडद्यावर इंग्रजी तक्रारींची रांग उभी राहावी! "हे आपल्या आवाक्यातले नाही," असे मुलांना वाटते आणि हळूहळू पालकांनाही तसेच वाटू लागते. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, ती तक्रार म्हणजे नापासाचा शेरा नव्हे. काय कमी पडले आहे, हे सांगणारी ती चिठ्ठी आहे.

आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरविणारा तो कंपायलर. लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा जीसीसी हा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केला. तो विनामूल्य मिळतो, तेव्हा खर्चाची अडचण नाही. मात्र उबुंटूमध्ये तो आधीपासून बसविलेला असेलच असे नाही. 'कमांड नॉट फाउंड' असे उत्तर आले, तर तुमचा प्रोग्राम चुकलेला नाही. अवजारच घरात नाही. अशा वेळी प्रथम 'सुडो ॲप्ट अपडेट' ही आज्ञा द्यावी आणि मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल' ही. कंपायलर व त्याचे सोबती एकदम येतात.

यापुढील काम शिंप्याच्या दुकानासारखे आहे. अंग एकाने शिवले, बाह्या दुसऱ्याने. शेवटी एक कारागीर ते सारे जोडतो. हा जोडणारा कारागीर म्हणजे लिंकर. हेडर फाइल ही बाहीचे माप लिहिलेली चिठ्ठी होय आणि लायब्ररी ही प्रत्यक्ष बाही. चिठ्ठीच नसेल, तर कंपायलर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणून थांबतो. चिठ्ठी आहे पण बाही मिळाली नाही, तर लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणतो.

उदाहरण घ्या. वर्गमूळ काढणारे 'एसक्यूआरटी' हे फंक्शन गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत असते. 'मॅथ' हेडर घेऊनही लिंकर तक्रार करतो, कारण चिठ्ठी दिली तरी बाही दिलेली नसते. आज्ञेच्या शेवटी '-एलएम' लिहिले की काम होते. 'शेवटी' हा शब्द महत्त्वाचा आहे. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. मागणी आधी आणि पुरवठा नंतर, असा त्याचा क्रम. लायब्ररीचे नाव आधी लिहिले, तर पुष्कळदा तक्रार कायम राहते.

'कॅनॉट फाइंड' म्हणून लायब्ररीचे नाव दिसले, तर नावाचे स्पेलिंग तपासा. ते बरोबर असेल, तर बहुधा तिचा '-डेव्ह' असे शेपूट असलेला संच बसवावयाचा राहिला आहे. एनकर्सेससाठी तो 'लिबएनकर्सेस-डेव्ह' होय.

विद्यार्थी मित्रहो, रांगेतील शेवटची ओळ घेऊन शिक्षकांकडे धावू नका. 'एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस' ही ओळ फक्त जोडणी फसली एवढेच सांगते. कारण तिच्या वरच्या ओळींत असते. वरून वाचावयास आरंभ करा, पहिली चूक दुरुस्त करा आणि पुन्हा चालवून पाहा. पुष्कळदा एका दुरुस्तीने खालच्या दहा तक्रारी नाहीशा होतात. तरीही अडलात, तर दिलेली आज्ञा आणि सगळा मजकूर जसाच्या तसा उतरवून शिक्षकांना दाखवा.

पालकांनो, आपल्याला ती इंग्रजी कळलीच पाहिजे असे नाही. मुलगी संगणकापुढे खिन्न बसलेली दिसली, तर "जमत नसेल तर सोडून दे" असे म्हणू नका. "पहिली ओळ काय म्हणते, मला समजावून सांग," एवढेच विचारा. समजावता समजावता पुष्कळदा तिचे तिलाच उत्तर सापडेल. दोन शब्द लिहावयाचे राहिले म्हणून एखाद्या मुलीने अख्खा विषय सोडावा, हे नुकसान आपल्याला परवडणारे नाही.