खेळणाऱ्याचा कौल



वेताळ विक्रमाच्या खांद्यावरून कथा सांगतो आणि ऐन शेवटी प्रश्न टाकून थांबतो. निवाडा ऐकणाऱ्याने करायचा. पण राजाने काहीही उत्तर दिले तरी सांगून झालेली कथा बदलत नाही. ऐकणाऱ्याच्या उत्तरागणिक जी पुढे वेगळी घडेल, अशी कथा रचण्याचे कसब अलीकडच्या काळातले आहे.

१९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात, चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात रादूझ चिंचेरा यांचा ‘किनोऑटोमॅट’ हा प्रयोग दाखवला गेला. चित्रपट मध्येच थांबे, प्रेक्षक आसनावरची बटणे दाबून कौल देत आणि बहुमताने पुढचा प्रसंग ठरे. गंमत अशी की, कौल कोणताही असो, वाटा पुन्हा एकत्र येत आणि आरंभीच दाखवलेली घराची आग शेवटी लागतच असे. याला लबाडी म्हणणे सोपे आहे. परंतु हिशेब निष्ठुर असतो. दहा ठिकाणी दोन-दोन फाटे फोडले आणि ते कोठेच जुळवले नाहीत, तर १,०२४ शेवट लिहावे लागतात. म्हणून रचनाकार फाटा काही अंतर चालू देतो आणि मग हमरस्त्याला आणून मिळवतो. मात्र मधल्या प्रवासाची एखादी खूण, कोणाशी बिनसले, कोणाच्या हाती हत्यार राहिले, जपून ठेवतो आणि पुढे तिची वसुली करतो.

२०१५ साली इंग्लंडमधील सुपरमॅसिव्ह गेम्स या संस्थेने प्लेस्टेशनसाठी काढलेला ‘अंटिल डॉन’ हा संगणकीय खेळ या रचनेचा उत्तम नमुना होय. लॅरी फेसेंडेन आणि ग्रॅहम रेझनिक हे त्याचे लेखक. बर्फाळ डोंगरावरचे एकाकी घर, आठ तरुण मुलेमुली आणि एक रात्र. अमेरिकन भयपटाचा हा अगदी ठरीव साचा. पहाटेपर्यंत कोण उरेल हे खेळणाऱ्याच्या निर्णयांवर अवलंबून असते. एखादे पात्र मेले तरी कथा त्याच्यावाचून पुढे सरकते.

असा परिचित साचा का घ्यावा? कारण खेळणारा आधीच शिकून आलेला असतो. तळघरात एकट्याने उतरू नये, हे त्याला सांगावे लागत नाही. (आपल्याकडच्या भयपटात हवेलीचा म्हातारा रखवालदार कंदील घेऊन आला, की प्रेक्षक जसा सावरून बसतो, तसेच हे.) ही पूर्वस्मृती हेच रचनाकाराचे खरे भांडवल, आणि ते तो किती निर्दयपणे वापरू शकतो, याचा एक प्रसंग या खेळात आहे.

काही वाटांवर एमिली नावाच्या मुलीला त्या डोंगरावरचा नरभक्षक राक्षस चावतो. ती कशीबशी मित्रांपर्यंत पोहोचते. दार बंद आहे, सगळे भेदरलेले आहेत आणि तिच्या अंगावरची चाव्याची खूण कोणाच्या तरी नजरेस पडते. चावा म्हणजे लागण, आणि लागण म्हणजे आता हीच राक्षसीण होणार, हे शेकडो चित्रपटांनी शिकवलेले. माईकच्या हाती पिस्तूल आहे आणि चाप खेळणाऱ्याच्या बोटाखाली. त्यात एमिली तोडून बोलणारी, आढ्यताखोर रंगवलेली. तिच्याविषयी माया दाटून येऊ नये, याची तजवीज लेखकांनी आधीच केलेली दिसते.

थोड्याच वेळाने टिपणवहीतला मजकूर वाचला जातो: चाव्याने काहीही होत नाही. त्या कथेत माणसाचे मांस खाणाराच राक्षस होतो. लागण होते, असे खेळाने खात्रीने कधीच सांगितलेले नसते. त्या भेदरलेल्या मुलांची ती नुसती शंका असते. खात्री खेळणारा स्वतःबरोबर घेऊन आलेला असतो. चाप ओढला नसेल, तर एमिली त्या वहीवरून मित्रांना धारेवर धरते. ओढला असेल, तर ती वही तिच्या प्रेताशेजारी वाचली जाते, आणि पहाट व्हायला अजून अवकाश असतो.