पाळकांच्या घरातलं वर्ष

आपलं वर्ष जानेवारीत किंवा पाडव्याला सुरू होतं. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांच्या घरी मात्र ते नाताळाच्या चार रविवार आधी, आगमनकाळापासून सुरू होतं. मग कॅरल गाणाऱ्यांच्या टोळ्या रात्री उशिरापर्यंत घरोघरी फिरतात. नाताळच्या दिवशी सगळ्यांना शुभेच्छा देऊन पाळक घरी येतात, तोवर पोरांचा फराळ संपत आलेला असतो!

राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागतो, तो रविवार वगळून 40 दिवसांचा. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन. तिसऱ्या दिवशी पहाटे पुनरुत्थानाचा सण.

गंमत असते ती हंगामाच्या सणाला. भोपळे, नारळ, धान्याच्या पिशव्या, कधी जिवंत कोंबडीसुद्धा देवापुढे येते. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि साधा नारळ भलत्याच किमतीला जातो. जमा झालेले पैसे मंडळीचे. पाळकीणबाईंना कोंबडी हवीच असेल, तर त्यांनीही बोली लावायची.

सण ठरलेले, पण मयत, आजारपण, घरातली भांडणं तिथी पाहून येत नाहीत. दार कधीही वाजतं. त्यात काही वर्षांनी बदली, म्हणजे मुलांची शाळाही बदलते. अशा घराची आतली बाजू पाहायची असेल, तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा. पाहुण्यांनी भरलेलं घर आणि रिकामा खिसा, दोन्हींची हकिकत त्या हसतहसत सांगतात.