शेजारच्या वर्गातली बाई

माय-बहिणींनो, कापूस वेचून, भाकरी थापून आता कुठे पाठ टेकली असेल. दहा मिनिटं आमच्याशी बसा. आज हप्त्याचं आणि व्याजाचं बोलणार नाही. आज बोलायचं आहे आपल्यातल्या शाळेच्या बाईंबद्दल.

आपल्या जळगाव-धुळ्यात कितीतरी घरांत मुलीला डी.एड. करायला लावतात. आमच्या गटातल्या एका ताईंनी तर सुनेच्या शिक्षणासाठी गटातूनच कर्ज काढलं होतं. दोन वर्षांचं डी.एड., मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर नाव लागायची वाट. शेवटी नेमणूक मिळाली, ती शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं, महिना १६ हजार मानधन. ताईंनी गटाच्या बैठकीत पेढे वाटले. आपल्याला वाटलं, झालं, पोरगी मार्गी लागली.

खरी परीक्षा तर तिथून पुढे होती.

शाळा दोन शिक्षकी, वर्ग पहिली ते चौथी. म्हणजे एका बाईंकडे दोन वर्ग. आपली सून घरी अहिराणी बोलणारी, पुस्तक मराठी आणि मुलं पावरी बोलणारी. ती शिकवायची आणि मुलं नुसती बघत बसायची. दोन महिने असेच गेले. एका बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमची मुलं वाचत का नाहीत?" त्या रात्री तिने सासूला फोन केला, "आत्या, मला जमणार नाही. मी राजीनामा देते."

ताईंनी आम्हाला विचारलं, काय करू? आम्हालाही उत्तर सुचलं नाही. उत्तर निघालं ते शेजारच्या वर्गातून.

तिथल्या मोठ्या बाईंची नोकरी वीस वर्षांची. त्यांनी उपदेश केला नाही. एक दिवस आपला वर्ग गोष्टीची पुस्तकं वाचायला बसवला आणि स्वतः हिच्या वर्गात मागे मुलांत जाऊन बसल्या. सुट्टीत म्हणाल्या, "तू चांगली शिकवतेस गं. पण तुझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आधी त्यांची भाषा तू शिक."

संध्याकाळी दोघी पाड्यावर गेल्या. मुलांच्या आया चुलीपाशी बसल्या होत्या. एका वहीत शब्द लिहून घेतले: भाकरी, शेळी, नदी, पाऊस, भूक. पंधरा दिवसांत वही भरत आली. रोज एक तास मोठ्या बाई पहिलीला शिकवायच्या आणि ही बघायची. दुसऱ्या दिवशी ही शिकवायची आणि त्या बघायच्या. चुकलं तर सगळ्यांसमोर नाही, सुट्टीत सांगायच्या. दिवाळीनंतर मुलं बोलू लागली. पुढे केंद्राच्या शिक्षण परिषदेत मोठ्या बाईंनीच हिला उभं केलं, "तुझी वही तू दाखव. मी नाही दाखवणार."

मैत्रिणींनो, आम्हाला ही शेवटची गोष्ट फार मोठी वाटते. मदत करणारे असतात, पण श्रेय ज्याचं त्याला देणारे थोडेच.

असं पूर्वीही घडलं आहे. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० चा. बालपणीच लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या प्राथमिक शिक्षिका झाल्या. चांदवड तालुक्यातल्या खेड्यांत शिकवलं, मग पुण्याला हुजूरपागेत. नोकरी करता करताच मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये त्यांना ताराबाई मोडक भेटल्या, वयाने १८ वर्षांनी मोठ्या. दोघींनी आधी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरांमागे कुरणात नेली. अनुताई बी.ए. झाल्या तेव्हा त्यांचं वय पन्नाशी उलटलेलं होतं. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या आणि काम अनुताईंनी पुढे चालवलं.

आता आपल्या पाड्यावर परत येऊ, कारण गोष्ट उलटी फिरली आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त वेळ आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. मोठ्या बाई नोकरीला लागल्या तेव्हा ही परीक्षाच नव्हती. आता पन्नाशीजवळ पेपर द्यायचा, नाहीतर नोकरीवर गंडांतर. त्यांना लाज वाटत होती. घरीसुद्धा बोलल्या नाहीत.

आपल्या सुनेने विचारलं नाही, थेट जुनी पुस्तकं घेऊन आली. दीडशे गुण, पाच भाग, प्रत्येकी तीस: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत रोज वीस प्रश्न. पहिल्या खेपेला मोठ्या बाईंना नव्वदऐवजी चौऱ्याऐंशी पडले. सहा गुणांनी राहिलं. दोघी दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी डब्याशेजारी पुन्हा पुस्तक उघडलं. अभ्यास चालू आहे.

सगळ्याच शाळांत असं नसतं, हे आम्हाला माहीत आहे. नव्या बाईला हसणारे, सगळी कागदपत्रं तिच्यावर ढकलणारेही असतात. अशा वेळी तिच्या पाठीशी गाव हवं. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. म्हणजे ती समिती आपलीच. पण बैठकीला आपण जातो का? नुसता अंगठा नाहीतर सही करून परत येतो?

म्हणून तीन कामं सांगतो. पहिलं, समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि बाईंना विचारा, काय अडतं? दुसरं, गावात नवीन बाई आल्या तर खोली शोधायला मदत करा, त्यांच्या तान्ह्या बाळाला दोन तास सांभाळा. तिसरं, आपली सून किंवा लेक शिक्षिका असेल, तर परीक्षेच्या महिन्यात तिच्या वाटणीच्या भाकरी तुम्ही थापा. गटाच्या वहीत हे कुठे लिहिलं जात नाही, पण बचत हीसुद्धा आहे.

आणि मोठ्या बाई, तुम्ही ऐकत असाल तर, ते सहा गुण आपण मिळवू.