नाव लिहू नका



‘विद्यापीठातील कर्मचाऱ्यांचे समाधान’ असा विषय आयोजकांनी मला दिला. माझी सगळी नोकरी विद्यापीठात गेली, त्यातही बरीच परीक्षा विभागात. तेव्हा असमाधानावर मी जास्त अधिकारानं बोलू शकेन.

विद्यापीठ कोणतं ते सांगत नाही. विद्यापीठाच्या मूल्यांकनासाठी नॅकची समिती यायची होती, तेव्हा कुणाला तरी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची आठवण झाली. खरं तर नॅकनं २०१७ साली जी चौकट आणली, तिच्यात अभिप्राय मागितले होते ते विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी, नोकरी देणारे अशांचे. विद्यार्थ्यांच्या समाधानाचं तर वेगळं सर्वेक्षण होतं. हॉल तिकीट छापणारा, आवक-जावक सांभाळणारा त्या यादीत नव्हता. पण फाइलीत एक कागद जास्त असलेला बरा, म्हणून आमच्याकडे फॉर्म आले.

पंचवीस प्रश्न, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. वर ठळक अक्षरांत ‘नाव लिहू नये. माहिती गोपनीय राहील.’ आणि त्याच्याखाली चौकोन: विभाग, पदनाम, स्त्री/पुरुष, एकूण सेवा. आमच्याकडे वीस वर्षांवर सेवा झालेल्या वरिष्ठ लिपिक बाई एकच होत्या. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “आता नाव लिहायचं राहिलंय कुठं?”

भरलेले फॉर्म शिपायानं गोळा केले आणि गठ्ठा कक्षाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. साहेब चहा पिता पिता तो चाळत होते. आम्ही सगळ्यांनी चारला गोल केला होता. पाच लिहिलं तर पुढंपुढं केल्यासारखं दिसतं, तीन लिहिलं तर तक्रार होते. चारमध्ये कुणाचंच काही जात नाही. अहवालात छापून आलं, कर्मचारी समाधानी आहेत.

‘गोपनीय’ या शब्दाची आमच्याकडची ओळख वेगळी आहे. ज्याचा गोपनीय अहवाल दरवर्षी साहेब लिहितात, त्याच्यापुढे तुम्ही तोच शब्द छापून ठेवता आणि मोकळेपणानं लिही म्हणता!

ही एक ते पाचची पट्टी रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली मांडली. पट्टी चांगली आहे. पण भीती वाटत असली की माणूस मनातलं नव्हे, सोयीचं उत्तर देतो, आणि पट्टी तेच इमानानं मोजते.

त्याच्याही आधी, शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २१ हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला प्रश्न ठरलेले होते. पण विचारावं एक आणि कामगारानं बोलावं भलतंच, असं व्हायला लागलं. तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांना सांगण्यात आलं की विचारू नका, ऐका. अर्ध्या तासाची मुलाखत तास-दीड तासावर गेली. ते भलतंच हेच खरं उत्तर होतं, हे त्यांना उमगलं. आपल्याकडे ‘इतर सूचना’साठी दीड ओळ असते.

आमच्याकडे पुढं एक उपकुलसचिव आले. त्यांनी पंचवीसचे तीन प्रश्न केले. पहिला होता, ‘गेल्या महिन्यात कोणत्या कामात तुमचा वेळ फुकट गेला?’ खाली कोरं अर्धं पान. पेटी ठेवली ग्रंथालयात, विभागात नाही. विभाग, सेवा काहीच विचारलं नाही. पाच-दहा माणसांपेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे काढले की माणूस ओळखू येतो, हे त्यांना ठाऊक होतं. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरची कंत्राटी मुलंसुद्धा त्या पेटीपर्यंत गेली. तीही काम करतात हे तोवर कुठल्या फॉर्मला माहीत नव्हतं.

महिन्याभरानं सूचनाफलकावर एक कागद लागला. तीन रकाने: तुम्ही काय म्हणालात, काय केलं, काय होणार नाही आणि का. रिक्त पदं तिसऱ्या रकान्यात होती. पदांना मान्यता शासनाची लागते, असं सरळ लिहिलं होतं. लोकांनी सगळ्यात जास्त वेळा तोच रकाना वाचला. पुनर्मूल्यांकनाच्या खिडकीवर तारखांचा फलक लागला, त्यामुळे एकच उत्तर दिवसातून शंभरदा द्यायचं थांबलं. आणि बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की आपलं सेवापुस्तक आपण कधी पाहिलंच नाही. दरवर्षी ते दाखवून सही घ्यायची असते, पण आस्थापना विभागाच्या कपाटातून ते निघतच नसे. ते निघालं.

आमच्या त्या बाईंच्या पुस्तकात अर्जित रजेच्या हिशेबात चूक सापडली. दुरुस्तीला चार महिने लागले, पण झाली.

पुढच्या वर्षी पेटी पुन्हा आली. बाईंनी अर्धं पान भरलं, पाठीमागंही लिहिलं, आणि शेवटी तारीख घालून ठसठशीत सही केली. हात सवयीचा! उपकुलसचिवांनी सहीपुरता कागदाचा कोपरा फाडला आणि बाकीचा कागद गठ्ठ्यात ठेवला.