घाटाचा राजा

बोरघाटाची सडक १८३० साली खुली झाली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीनंतरचा हा चढ जो प्रथम जिंकतो, त्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची प्रथा पडली. परंतु घाटाचा मूळ राजा निराळाच. १८६३ साली पूर्ण झालेल्या लोहमार्गाची वाट इंग्रज अभियंत्यांना एका धनगराने दाखविली आणि बक्षिसाऐवजी त्याला गोळी मिळाली, असे लोककथा सांगते. त्या शिंगरोबाचे देऊळ जुन्या सडकेवरच आहे. मोटारीतील प्रवासी तेथे नाणे टाकून पुढे जातो. द्रुतगती महामार्गावर मज्जाव असलेला सायकलस्वार मात्र मेंढपाळाच्या संथ गतीनेच हा घाट चढतो. वाट शोधणाऱ्याचे ऋण केवढे, हे नाण्यापेक्षा त्याच्या घामालाच अधिक उमगते.