बॅटरीचाही उत्पादन खर्च काढा
(पांढरकवडा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



फवारणी पंपाची बॅटरी कधी बदलावी लागली नाही असा कापूसवाला इथे कोणी बसला असेल असे आम्हाला वाटत नाही. फवारण्या संपल्या की पंप कोपऱ्यात टाकला, पुढच्या मोसमात काढला, तर बॅटरी बसलेली. शिव्या खातो दुकानदार. पण शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली, की तिच्या पत्र्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती चार्ज घेत नाही. म्हणजे दोष थोडा आपलाही आहे.

आज हा विषय काढला, कारण पेट्रोल लिटरमागे शंभरावर गेले आणि गावोगावची पोरे सायकलीला मोटर लावू लागली आहेत. कल्पना जुनीच. गोड ज्वारीपासून इंधन काढण्याचे काम करणाऱ्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात डॉ. अनिल राजवंशी यांच्या पुढाकाराने विजेवरच्या सायकल रिक्षाचे काम हाती घेतले. हाताशी बॅटरी होती ती शिशाचीच. जड, आणि लवकर थकणारी. त्याच सुमारास, १९९७ साली, अमेरिकेत जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी अक्षय पाधी व नंजुंडस्वामी यांनी लिथियम लोह फॉस्फेटचे काम जगापुढे मांडले. फॉस्फेट आपल्याला खताच्या गोणीतून ठाऊक आहे. तेच आता बॅटरीत आले.

आता हिशेब करू. २५० वॅटच्या मोटरीला ३६ व्होल्टची बॅटरी लागते. लोह फॉस्फेटचा एक सेल ३.२ व्होल्टचा. असे १२ एकापुढे एक जोडले की ३८.४ व्होल्ट झाले. ६ अँपिअर-तासाचे दोन-दोन सेल शेजारी जोडून अशा १२ जोड्या केल्या, की २४ सेलांत १२ अँपिअर-तास मिळतात. साठा झाला सुमारे ४६० वॅट-तास. आपल्या रस्त्यांवर ओझ्यासकट किलोमीटरला १५ वॅट-तास धरले, तरी ३० किलोमीटर जाणे-येणे होते. भरायला वीज लागते अर्ध्या युनिटच्या आसपास.

तेवढ्याच क्षमतेच्या शिशाच्या बॅटऱ्या १२ किलोच्या घरात जातात, हा पॅक पेटीसकट ५ किलोचा. शिशाची बॅटरी पूर्ण उतरवून भरली तर तीनेकशे वेळा चालते, फॉस्फेटची चांगली असली तर पंधराशे वेळा. म्हणजे किंमत तिप्पट पडली तरी किलोमीटरमागे तीच स्वस्त. कापसाचा उत्पादन खर्च काढायला आपण शिकलो, मग बॅटरीचा का काढू नये?

पण स्वस्ताच्या नादात काय होते तेही सांगतो. आमचा पहिला पॅक आम्ही भंगारातल्या लॅपटॉपच्या सेलांचा बांधला. दोन महिन्यांत एक जोडी हाताला चटका बसेल इतकी तापू लागली. बैलजोडीत एक बैल बसका निघाला तर दुसरा कितीही तगडा असो, तास त्या बसक्याच्याच चालीने होते. बारा जोड्यांतली सर्वांत कमजोर जोडीच सगळ्या पॅकची चाल ठरवते.

म्हणून सेलाची परीक्षा बियाण्यासारखी करा. पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या पोत्यात ठेवून उगवण बघतो. तसेच सगळे सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरा, आठवडाभर ठेवा, मग मीटर लावा. इतरांपेक्षा खाली उतरलेला बाजूला काढा. उरलेल्यांची क्षमता भार लावून मोजा आणि सारख्याला सारखा जोडा. जोडपट्टी निकेलची म्हणून लोखंडाची विकली जाते. तिच्यावर ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात ठेवा, लोखंड असेल तर गंजेल. सेलावर थेट डाग देऊ नका, उष्णतेने सेल आतून खराब होतो. स्पॉट वेल्डिंगच करा. बारा जोड्यांचे बीएमएस, फ्यूज आणि ४३.८ व्होल्टचा लोह फॉस्फेटचाच चार्जर, यात काटकसर नको. बीएमएस हा राखणदार आहे. जास्त भरणे, जास्त उतरणे, दोन्ही तोच थांबवतो.

कायदाही ऐका. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून गाडीचे वजन ६० किलोच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. मोटारसायकल विजेवर करायची तर मात्र मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची नोंद हवीच.

आता शेवटचे, आणि सर्वांत महत्त्वाचे. भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरातच भरून ठेवतो. माजघरात छतापर्यंत कापूस आणि त्याच खोलीत रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. लोह फॉस्फेट इतर लिथियमपेक्षा कमी पेट घेते, पण मुळीच घेत नाही असे नाही. २०२२ साली देशात विजेच्या स्कूटर पेटल्या, त्यानंतर सरकारला बॅटरीचे नियम कडक करावे लागले. कारखान्यातल्या मालाची ही गत, तर घरी बांधलेल्याची काय? चार्जिंग ओसरीत, फरशीवर, दिवसा, माणूस जागा असताना करा. उन्हातून आलेली बॅटरी आधी निवू द्या.

एकेकट्याने यंत्रे घेणे परवडत नाही. चार-पाच गावांनी मिळून एक स्पॉट वेल्डर आणि सेल तपासायचे यंत्र घ्यावे, दोन पोरांनी नीट शिकावे, आणि तपासल्याशिवाय एकही सेल कुणाच्या पेटीत जाऊ नये. शे-दोनशे रुपये वाचवताना वर्षाचा कापूस आणि घरची माणसे पणाला लागता कामा नयेत. हा खर्चही हिशेबात धरा, मग ठरवा स्वस्त काय ते.