मनोविकारतज्ज्ञ की मानसशास्त्रज्ञ?

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात अलिबाग येथे केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात रेवदंड्याकडील एक गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन मजकडे आले. ‘नीट’ परीक्षेत तिला गुण कमी पडले होते. ते म्हणाले, “डॉक्टर तर होत नाही; निदान सायकॉलॉजी तरी करू द्यावी काय?” मुलगी खाली मान घालून बसली होती. त्या ‘निदान तरी’विषयीच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

मनोविकारतज्ज्ञ हा आधी वैद्य असतो. एम्. बी. बी. एस्.ची आंतरवासितेसह साडेपाच वर्षे आणि त्यापुढे एम्. डी.ची तीन. शवविच्छेदन, प्रसूतिकक्ष, रात्रपाळी यांतून त्याची सुटका नाही. आणि ते व्यर्थही नव्हे. उदास होऊन बसलेल्या बाईच्या थायरॉइड ग्रंथीतच बिघाड असू शकतो, हे ओळखावयास शरीराचे ज्ञान लागते. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. अलिबागेत २०२१ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यामुळे या मार्गाचा पहिला टप्पा आता घराजवळ आला आहे, ही आनंदाची गोष्ट.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, औषध देत नाही. तो बुद्धिमापनाच्या व अन्य मानसिक चाचण्या घेतो आणि रुग्णासमोर तास तास बसून, संभाषणातून, शास्त्रशुद्ध उपचार करतो. पदवी, एम्. ए. आणि त्यानंतर आजवर दोन वर्षांचे एम्. फिल्. असा त्याचा क्रम. नव्या शैक्षणिक धोरणाने तो बदलत आहे. नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, तिचा कायदा १९९२चा. नुसत्या सामान्य एम्. ए.वर ही नोंदणी होत नाही, हे पुष्कळ पालकांस प्रवेश घेऊन झाल्यावर कळते! तेव्हा फी भरण्यापूर्वी अभ्यासक्रमास परिषदेची मान्यता आहे की नाही, एवढे अवश्य पाहावे.

म्हणजे वर्षांचा हिशेब केला तर दोहोंत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते नित्याच्या कामात. एकाच्या दारी दिवसाकाठी बरेच रुग्ण येतात. भ्रम झालेला, आक्रमक झालेला मनुष्य तातडीने सांभाळावा लागतो. दुसऱ्यास एकच माणूस महिनोन् महिने ऐकावयाचा असतो, आणि गुण लवकर दिसत नाही. मुलास यांतील कोणते काम झेपेल, हे विचारावे. गुणपत्रिका त्याचे उत्तर देत नाही.

आपल्या देशात ही दोन्ही शिक्षणे एका छपराखालीच वाढली. बंगळूर येथे १९५४ साली निघालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत दोहोंच्या पदविका पाठोपाठ सुरू झाल्या. घरातले उदाहरण हवे तर पुण्याचे घ्या. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी पती अनिल अवचट यांच्यासह १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. आई मनोविकारतज्ज्ञ, कन्या मुक्ता पुणतांबेकर मानसशास्त्र शिकून त्याच कार्यात शिरल्या आणि पुढे त्यांनी ते सांभाळले. कन्येचे शिक्षण आईच्या शिक्षणाहून हलके, असे तेथे उपचारास गेलेला कोणी म्हणेल काय?

आणि आपल्या किनाऱ्यावर कामाची वाण आहे काय? उरणपासून श्रीवर्धनपर्यंत दारूने पोखरलेली घरे आपण सारे जाणतो. मुलीला झटके येऊ लागले की आधी भगताकडे नेतात, आणि डॉक्टरकडे न्यायचे झाल्यास काळोख पडल्यावर, कारण तिचे लग्न व्हावयाचे असते. त्यांना दोघांचीही गरज आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेतही या दोघांना वेगवेगळे स्थान दिलेले आहे.

आता आपल्या घरचे गाऱ्हाणे. संघाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘वैद्यकीय’ व ‘अभियांत्रिकी’ असे रकाने आहेत. मानसशास्त्र ‘इतर’मध्ये पडते आणि ‘इतर’ला मिळणारी रक्कम निम्मी. परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमास वैद्यकीयाइतकीच रक्कम द्यावी, असा ठराव मी कार्यकारिणीपुढे मांडीत आहे. अनुमोदक अद्याप मिळावयाचा आहे.

रेवदंड्याकडील त्या गृहस्थांना मी मुलीलाच विचारावयास सांगितले. ती म्हणाली, “मला पहिल्यापासून हेच करायचे होते. नीटचा फॉर्म बाबांनी भरला होता.” ते गृहस्थ आज या सभेत आहेत, अनुमोदन त्यांनी द्यावे, अशी माझी विनंती आहे.